शय्याव्रण टाळण्यासाठी: खाटेजवळचा तक्ता आणि संगणकीय अहवाल

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रणाचा, म्हणजे सतत पडून राहिल्याने त्वचेवर होणाऱ्या जखमेचा, धोका किती, हे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रेडन मोजपट्टीने ठरवता येते. संवेदना, ओलावा, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण या सहा बाबींचे गुण मिळून बेरीज ६ ते २३ येते आणि १८ किंवा त्याहून कमी गुण धोका दर्शवतात. मोजपट्टी तीच, प्रश्न नोंद कुठे ठेवायची, हा आहे.

खाटेला अडकवलेला कागदी तक्ता वीज गेली तरी चालतो आणि शेजारी बसलेल्या नातेवाइकालाही कूस कधी बदलली ते कळते. मात्र तो एकाच रुग्णाविषयी बोलतो.

मुंबईतल्या गच्च भरलेल्या जनरल वॉर्डात, विशेषतः घामाने चादरी ओलावणाऱ्या दमट दिवसांत, पाळी बदलताना सिस्टरांना हवे असते ते वेगळेच: कालपासून कोणाचे गुण घसरले, कोणाचे जेवण कमी झाले आणि हवेची गादी आधी कोणाला द्यावी. संगणकीय अहवाल हे एका पानावर मांडतो, म्हणून मला तोच अधिक उपयुक्त वाटतो. अर्थात, नोंद उशिरा झाली तर अहवालही उशिराच सावध करतो, आणि माकडहाडावरची किंवा टाचेवरची लाली डोळ्यांनीच पाहावी लागते. म्हणून कूस बदलल्याची वेळ लिहिण्याचा कागद खाटेजवळ राहू द्यावा.