के-२२ : युद्धापूर्वीची दोन, युद्धानंतरचं एक

स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीच्या के-२२ रिव्हॉल्वरची सुरुवातीची तिन्ही रूपं सहा गोळ्यांची, सहा इंची नळीची, .२२ लाँग रायफल काडतुसाची. त्यामुळे जाहिरातीतल्या फोटोत ती सारखीच दिसतात, किमतीत मात्र दिसत नाहीत.

पहिलं 'आउटडोअर्समन', १९३१ ते १९३९, सुमारे १७,११७ नग. दुसरं 'मास्टरपीस', १९४०, जेमतेम १,०६७ नग. दुसऱ्या महायुद्धाच्या कामामुळे तेही थांबलं. फरक मागच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या मागच्या खाचेत, पाहा. पहिल्यात समोरासमोरचे स्क्रू एक सैल करून दुसरा आवळत बसावं लागतं. दुसऱ्यात टकटक वाजणारी मायक्रोमीटर साइट आहे. शिवाय दुसऱ्यात घोड्याची, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीची, चाल आखूड झाली. युद्धानंतरच्या तिसऱ्यात हे दोन्ही राहिलं, नळीवर पट्टी आली आणि क्रमांक के १०१ पासून नव्याने सुरू झाले. पहिला माल डिसेंबर १९४६ मध्ये निघाला.

लोक फसतात ते क्रमांकात. युद्धापूर्वीचे क्रमांक याच कंपनीच्या .३८ मिलिटरी अँड पोलीस या दुसऱ्या रिव्हॉल्वरच्याच मालिकेतले आहेत. दुसऱ्या रूपाचा पट्टा ६८२४२० ते ६९६९५२, म्हणजे साडेचौदा हजार क्रमांक आणि त्यात के-२२ हजारभर. म्हणून 'क्रमांक पट्ट्यात बसतो' हा पुरावा नव्हे. मुठीखालचा क्रमांक नळीच्या खालच्या बाजूशी, सिलिंडरच्या मागच्या तोंडाशी आणि मुठीच्या उजव्या लाकडी पाखाच्या आतल्या बाजूशी जुळवा. लाकूड जुळलं नाही तर किंमत उतरते. नळी जुळली नाही तर व्यवहार सोडा. क्रमांकावरून तारीखही काढू नका, कारण माल क्रमाने बाहेर पडत नसे. कारखान्याच्या नोंदींवरून मिळणाऱ्या पत्रात रवानगीची तारीख असते, बनावटीची नव्हे. दुसरं रूप तर या पत्राशिवाय घेऊच नये.

पुन्हा ब्लूइंग (पोलादावर निळा-काळा थर चढवणं) केलेलं हत्यार ओळखायला घोडा आणि चाप पाहा. मूळचे ते केस-हार्डनिंगच्या, म्हणजे पोलादाचा पृष्ठभाग कडक करताना उमटणाऱ्या, रंगछटांचे. निळेशार असतील तर कुणीतरी नव्याने रंग चढवलाय. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या असतील, तरीही तेच समजा.

नेमही धरायचा असेल तर माझं मत तिसऱ्याच्या बाजूने, शक्यतो १९४८ पर्यंतच्या. त्यात फ्रेमच्या उजव्या अंगावर 'मेड इन यू.एस.ए.' एकाच ओळीत असतं. पुढे चार ओळींचा शिक्का आला. साइडप्लेटवर (फ्रेमच्या बाजूचं झाकण) चार आणि ट्रिगरगार्डपुढे (चापाभोवतीचं कडं) एक असे पाच स्क्रू मोजा. सिलिंडरचा दांडा उघडल्यावर आत '१७' हा मॉडेल क्रमांक दिसला, तर ते १९५७ किंवा त्यानंतरचं. विकणारा काहीही म्हणो.

सिलिंडरच्या रिकाम्या घरात (काडतूस बसतं त्या भोकात) घोडा आपटून कडा ठेचल्या गेल्यात का, हे बॅटरीच्या उजेडात सहाही घरं बघून ठरवा. तिथे रिकामं काडतूस अडकतं. .२२ शॉर्ट भरपूर झाडलेल्या सिलिंडरमध्ये घराच्या पुढच्या भागात काजळीचं कडं साचतं आणि लाँग रायफल पूर्ण बसत नाही. ते मात्र ब्रशने बहुतेकदा निघतं.