बालू २ फॉन्ट: रेडियम कटिंगवाल्याचा अनुभव, उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढून

सध्या गिऱ्हाईक मोबाईलवर गोलगोल अक्षरांचं जुन्या स्टाइलचं इंग्रजी पोस्टर दाखवतं आणि म्हणतं भाऊ असंच मराठीत पाहिजे. इंग्रजीत काय, १९२२ चा कूपर ब्लॅक फॉन्ट अजून जोरात चालतो. मराठीत त्या तोडीचं हवं म्हणून आधी एक विकतचा फॉन्ट घेतला (नाव लिहीत नाही, उगाच वाद). त्यात 'शेतकऱ्यांसाठी' टाइप केलं तर अर्धा र गायब आणि य वर रफार चढून बसलेला. कृषी केंद्राचा बोर्ड होता तो! मालक म्हणे, "भो, हाई काय लिखेल शे?" मेल केला तर उत्तर आलं, तुमचं सॉफ्टवेअर जुनं असेल. वर लायसन्स एकाच कॉम्प्युटरचं. पैसे पाण्यात.

मग बालू २ टाकला. 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, गुगल फॉन्ट्सवर फुकट, ओपन लायसन्स, म्हणजे धंद्यात बिनधास्त वापरा, दुकानातल्या सगळ्या मशीनवर टाका. ऱ्य त्याच कॉम्प्युटरवर, त्याच कोरलमध्ये (आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर), पहिल्या झटक्यात बरोबर. आता बोला!

सुरुवातीला वाटायचं हा बालवाडीच्या पाटीचा फॉन्ट आहे, 'श्रद्धांजली' लिहायला घेतलं तर हसू येईल (ते अजूनही खरंय, तिथे वापरू नका). पण मे महिन्यात मत फिरलं. भुसावळचं ऊन काय असतं सांगायला नको. ट्रॅक्टरच्या बोनेटवरचं रेडियम आधी टोकाला सुटतं, कोपरा उचलला की खाली धूळ शिरते आणि एका धुण्यात अख्खं अक्षर हातात येतं. बालूला टोकच नाही. एकाच रिक्षाच्या काचेवर टोकदार फॉन्टमधला मोबाईल नंबर सोलून निघाला आणि बालूतलं नाव अजून चिकटून आहे. माझ्यासाठी एवढं एकच कारण पुरेसं आहे.

आता डोकं उठवणारी गोष्ट. दोन ओळी लिहा, मधे बैल उभा राहील एवढी जागा! प्रत्येक बोर्डला लाइन स्पेसिंग हाताने कमी करा, आणि कमी केलं की खालच्या ओळीतला 'र्की' वरच्या ओळीतल्या 'ट्रू'ला जाऊन धडकतो. म्हणजे जागा उगाच सोडलेली नाही, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार मावायला सोडलीय, हे कळतं, पण 'जय खान्देश' दोन ओळींत लिहिताना तिचं काय करू? आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना चिडचिड होतेच.

कटिंगवाल्यांनो, कर्व्ह केल्यावर (अक्षरांचे आकार केल्यावर) वेल्ड करायला, म्हणजे सगळे आकार एकात जोडायला विसरू नका, नाहीतर अक्षरं जिथे शिरोरेघेला जुळतात तिथे प्लॉटर (कटिंगचं मशीन) आडवी ब्लेड मारतो. लहान साइझला एक्स्ट्रा बोल्ड (सगळ्यात जाड अक्षर) नको, क्ष आणि छ च्या आतला कण सुईने काढता काढता डोळे जातात. सेमी बोल्ड बरा.

नवापूरकडच्या गिऱ्हाईकांना मराठी-गुजराती एकाच बोर्डवर लागतं, त्याला बालू भाई २ वेगळा डाउनलोड करावा लागतो. मराठीवाल्यात गुजराती टाइप केलं तर नुसते चौकोन दिसतात.