प्रीमियम मुंबईचा, रूम रेंट मात्र गावचा : आईच्या मेडिक्लेमचा अनुभव

दिवाळी झाली आणि आईच्या पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागलं, 9 वर्षं भरत आलेली पॉलिसी त्या निमित्ताने पहिल्यांदा वापरली. कंपनीचं नाव देत नाही, रूम रेंटच्या मर्यादेचा हा क्लॉज (अट) बऱ्याच जुन्या पॉलिसींत आहे, त्यामुळे तुमची कुठलीही असो, आज कपाटातून काढून बघा. माझ्याकडून 5 पैकी 2 स्टार.

पॉलिसी 3 लाखांची, रूम रेंटची मर्यादा त्याच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. आमच्या भांडुपच्या आसपास साध्या प्रायव्हेट हॉस्पिटलात दोन बेडची रूम 5,000 ला पडली. मला वाटलं वरचे दोन हजार आपण भरू, तीन दिवसांचे सहा हजार, चालेल. पण तसं नसतं हो! रूम महागातली घेतली की सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळ्यालाच त्याच हिशोबाने कात्री लागते, त्याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. पाचातले तीन हजार मंजूर म्हणजे 60 टक्केच मिळणार. ऑपरेशनचे 96,000 झाले होते, त्यातले 38,400 तिथेच गेले. एजंटने 9 वर्षांत हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

बरं, त्यांनी औषधं आणि तपासण्यांच्या 41,000 ला पण तीच कात्री लावली. ते चुकीचं आहे! औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लावायची नाही, आयसीयूच्या चार्जेसना नाही, आणि ज्या हॉस्पिटलात रूमप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे तर लावायचीच नाही, असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. मी कंपनीच्या ग्रीव्हन्सला, म्हणजे तक्रार विभागाला, मेल केला, बिलाच्या त्या पानाचा फोटो जोडला, पाच आठवड्यांनी 16,400 परत आले. हे परत मिळाले म्हणून दुसरा स्टार. तिथेही ऐकलं नसतं तर विमा लोकपालाकडे जाणार होते, सांताक्रूझ पश्चिमला एस. व्ही. रोडवर ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.

तरी शेवटी 1,59,800 च्या बिलात आमच्या खिशातून 52,200 गेले. त्यात 7,800 नॉन पेएबल, म्हणजे पॉलिसीत न मिळणारे, ग्लोव्हज, अ‍ॅडमिशन किट, असलं सगळं. त्या किटमधला थर्मामीटर घरी आणलाय, फ्रीजवर ठेवलाय, दिसला की अजून राग येतो.

डिस्चार्जचा दिवस तर विसरणार नाही. डॉक्टर सकाळी 11 ला जा म्हणाले. आई साडी नेसून, हाताला सलाईनची पट्टी तशीच, पलंगाच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. टीपीए डेस्कवर (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघतात ते) दर तासाला एकच उत्तर, "मॅडम, क्वेरी आलीये, फायनल अप्रूव्हल यायचंय." संध्याकाळी पावणेसातला आलं. 2024 पासून नियम आहे की डिस्चार्जचं अप्रूव्हल 3 तासांत द्यायचं आणि उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. हा नियम मला घरी आल्यावर कळला, तुम्ही आधीच माहीत करून घ्या आणि डेस्कवर मोठ्याने सांगा. आई मात्र मलाच समजावत होती, "अगं जाऊ दे, त्या पोरीच्या हातात काय आहे."

आता प्रीमियम. 2022 ला 21 हजारांच्या घरात होता, 2024 ला 32 हजार. मग जानेवारी 2025 मध्ये आयआरडीएआयने 60 च्या पुढच्यांसाठी सांगितलं की वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी आम्हाला विचारा, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी पण गेला, तेवढा श्वास घेता आला. पण माझं म्हणणं वेगळंय. मुंबई महागड्या झोनमध्ये येते म्हणून आमच्याकडून प्रीमियम जास्त घेतात, आणि रूमची मर्यादा मात्र सगळ्या देशाला एकच. पैसे मुंबईच्या दराने घेता तर रूमही मुंबईच्या दराने द्या ना! कंपनी म्हणते हॉस्पिटल महाग, हॉस्पिटल म्हणतं तुमची पॉलिसी जुनी, आणि मधला फरक 26 वर्षं पोळीभाजी केंद्रात उभं राहून काम केलेल्या बाईने तिच्या एफडीतून भरायचा. हे मला पटत नाही. बाबांचं अपेंडिक्स केईएमला झालं होतं, 1926 पासून ते हॉस्पिटल महापालिका चालवतेय, तेव्हा घरात कुणाला एफडी मोडावी लागली नव्हती. जास्तीत जास्त खर्च सरकारनेच उचलावा असं मला मनापासून वाटतं.

राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना 1 जुलै 2024 पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाख, मला वाटायचं ती आपल्यासाठी नाहीच. अ‍ॅडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटल यादीत आहे का आणि तो आजार बसतो का ते आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस) विचारा, आम्ही विचारलंच नाही. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, त्याला आईला अजून 3 वर्षं आहेत.

तोपर्यंत पॉलिसी पोर्ट करायचा, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा, विचार आहे, रूम रेंटची मर्यादा नसलेली हवी, नवी पॉलिसी न घेता पोर्ट अशासाठी की वेटिंग पीरियडची (काही आजारांना सुरुवातीला क्लेम मिळत नाही तो काळ) झालेली वर्षं धरतात. पण नवी कंपनी नाही म्हणू शकते, आणि आईला बीपी आहे. 65 च्या पुढे कुणी पोर्ट केलंय का? केलं असेल तर मेडिकल टेस्ट लावली का आणि प्रीमियम किती बसला ते प्लीज सांगा.