सहा रात्री-सात दिवसांचं लेह पॅकेज: ठिकाणं चोख, रात्रींचा क्रम चुकलेला

लडाखची पॅकेजं विकणारे वेगवेगळे असले, तरी बहुतेकांचा कार्यक्रम एकच. पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी सिंधू-झांस्कारचा संगम आणि मॅग्नेट हिल, तिसऱ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून ('ला' म्हणजे खिंड) नुब्रा खोरं, चौथ्या दिवशी श्योक नदीच्या काठाने पँगाँग तलाव, पाचव्या दिवशी चांग ला मार्गे परत लेह, सहावा दिवस 'खरेदी व विश्रांती', सातव्या दिवशी सकाळचं विमान. गाड्या, हॉटेलं, जेवण या बाबतीत हे पॅकेज सहसा पास होतं. नापास होतं ते झोपायच्या उंचीत.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. समुद्रसपाटीवरून थेट तिथे उतरल्यावर पहिल्या दोन रात्री तिथेच काढायच्या, हे किमान पथ्य पॅकेज पाळतं. तिसरी रात्र नुब्रातल्या हुंदरला, म्हणजे लेहपेक्षाही खाली. वाटेतला खारदुंग ला ५,३५९ मीटरचा असला, तरी तिथे दहा-पंधरा मिनिटांत फोटो काढून उतरायचं असतं. (तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं दिसायचं, खरी उंची १७,५८२ फूट.) गडबड चौथ्या रात्री होते. पँगाँगच्या काठावरचे तंबू सुमारे ४,२५० मीटरवर, म्हणजे हुंदरपेक्षा हजार मीटरहून जास्त उंच. लेहची सवय जमेस धरली तरी एका दमात साडेसातशे मीटर. तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा नियम आहे.

त्यात एक मेख आहे आणि ती माहितीपत्रकात नसते. विरळ हवेचा त्रास वाढला तर उपाय एकच, खाली उतरणं. पण पँगाँगहून लेहला 'उतरायचं' तर आधी चांग ला चढावा लागतो, पाच हजार तीनशे मीटरच्याही वर! धाप लागलेल्या माणसाला रात्री त्या घाटातून न्यायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. खिंड टाळायची तर श्योकच्या काठाने नुब्राकडे लांबचा वळसा.

'ऑक्सिजन उपलब्ध' या ओळीवर भिस्त ठेवू नका. गाडीत नळी-मीटर लावलेला मोठा सिलिंडर आहे की स्प्रेसारखा डबा, ते विचारा. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतो. डायमॉक्स (विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी) साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंचीवर जाण्याच्या आदल्या दिवसापासून देतात, पण डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वरचेवर जावं लागतं. ते अपेक्षितच आहे.

दुरुस्ती सोपी आहे. सहाव्या दिवसाची ती खरेदी उचलून तिसऱ्या दिवशी टाकायला सांगा. लेहला सलग तीन रात्री मिळतात, मग नुब्रा, मग पँगाँग. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर तलाव बघून रात्री तांगत्से गावात मुक्काम मागा, ते सुमारे ३,९०० मीटरवर आहे. तोटा एकच: शेवटी हाताशी मोकळा दिवस उरत नाही. चांग ला बर्फाने बंद पडला तर विमान चुकतं. जमत असेल तर सातवी रात्र विकत घ्या.

तिसऱ्या दिवशी राफ्टिंग करा किंवा अल्चीचा मठ बघा. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. झांस्कार नदीवरचा चिलिंग ते निमू हा टप्पा उन्हाळ्यात चालतो. पाणी वितळलेल्या बर्फाचं, म्हणून वेटसूट दराच्या आत आहे का ते आधी ठरवा. मॅग्नेट हिल हा निव्वळ दृष्टिभ्रम, पाच मिनिटं पुरेत.

संस्कृतीच्या नावाखाली पॅकेज गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, मोजतं: सकाळी अकराला थिकसे, वीस मिनिटं, की चला पुढे. तोवर पहाटेची प्रार्थना आटोपलेली असते. थिकसे लेहपासून जेमतेम वीस किलोमीटर. ड्रायव्हरला आदल्या रात्रीच लवकरची वेळ सांगा. बूट बाहेर, भिंतीकडेला बसायचं, भिक्खूंच्या गाद्यांवर नाही, आणि प्रदक्षिणा नेहमी उजवी बाजू आत ठेवून. अल्ची तर बऱ्याच कार्यक्रमांत नसतंच, आणि हीच सगळ्यात मोठी चूक. हा गोम्पा डोंगरावर नाही, सिंधूकाठी सपाटीवर आहे. सुमत्सेक या तीन मजली देवळात उभे बोधिसत्त्व इतके उंच की डोकी वरच्या मजल्यात शिरतात. त्यांतल्या अवलोकितेश्वराच्या धोतरावर बारीक देवळं आणि वाडे रंगवलेत, मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धचरित्र. आत फोटोला बंदी आहे आणि अंधारही असतो. डोळे सरावायलाच काही मिनिटं जातात. निवांत तासभर ठेवा.

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्या: पर्यावरण शुल्क दरात धरलंय का, आणि फिरायची गाडी लडाखमध्ये नोंदवलेली आहे का. बाहेरची भाड्याची गाडी स्थानिक टॅक्सीवाले तिथे फिरू देत नाहीत. आणि इतर राज्यांतलं प्रीपेड सिम लेहला उतरताच गप्प होतं, तेव्हा ग्रुपमध्ये निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या.