सीटखालचा मल्टिमीटर: इंजेक्शनच्या गाडीसोबत पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

वस्तू साधी आहे: पाचशे रुपयांच्या आत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज आणि करंट मोजणारा मीटर. सोबत दोन चिमटे, फ्यूजची पुडी, दहाचा पाना आणि एक फडकं. गाडी दीडशे सीसीच्या वर्गातली, बीएस६ (धुराच्या नव्या नियमांतली), कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनची, किक नसलेली. वापर परतवाडा ते धारणीच्या घाटात, यवतमाळ ते पांढरकवडा, चंद्रपूर ते गडचिरोली, आलापल्ली, आणि मधल्या पांदण रस्त्यांवर. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई आहे, त्यामुळे लांबचा प्रवासही गावागावांतूनच होतो. प्लग पुसून कार्ब्युरेटर साफ करून देणारा मिस्त्री जवळपास दर मोठ्या गावात सापडतो. इंजेक्शनची वायरिंग मीटर लावून तपासणारा मात्र बऱ्याचदा तालुक्यालाच.

मत आधीच सांगतो: लांबच्या प्रवासात जवळ ठेवायची एकच वस्तू निवडायची असेल तर मीटर ठेवावा. मोबाईलला जोडायचा, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आणि बसलेल्या बॅटरीवर गाडी लावून देणारा, पॉवर बँकसारखा जंप स्टार्टर त्यानंतर. जुन्या गाडीत दोनच प्रश्न असत, करंट येतो का आणि पेट्रोल येतं का. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ इंजेक्शनच्या गाडीत या दोन्हींच्या आधी तिसरा प्रश्न उभा राहतो: व्होल्टेज पुरतं का? पेट्रोलचा पंप, इंजेक्टर, इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर सगळेच बॅटरीवर चालतात. बॅटरी खचली की ही सगळी मंडळी एकदम रुसतात आणि बिघाड पेट्रोलचा असल्यासारखा वाटतो.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, काळी वायर काळ्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात. लाल वायर १० अँपियरच्या भोकात राहिली आणि टोकं बॅटरीला लावली तर तो थेट शॉर्ट होतो. ठिणगी उडते, वायरीची टोकं जळतात आणि स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुधा फ्यूजही नसतो. त्यामुळे दर वेळी आधी भोक बघायचं, मग बॅटरी.

पहिलं मोजमाप रात्रभर उभ्या गाडीचं, चावी बंद. १२.६ ते १२.८ असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.० किंवा खाली म्हणजे जवळपास रिकामी, तिच्या भरवशावर मेळघाटात शिरू नये. आत्ताच चालवून आणलेल्या गाडीवर हे मोजमाप खोटं येतं. वरवरचा चार्ज १३ च्या आसपास दाखवतो, म्हणून निदान दोन-तीन तास थांबावं.

दुसरं मोजमाप सेल मारताना, म्हणजे स्टार्टरचं बटन दाबून इंजिन फिरवताना. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी दुबळी, उभ्या गाडीला १२.५ दाखवत असली तरी. स्वस्त मीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे दिसलेल्या सर्वांत कमी आकड्यापेक्षा खरा आकडा थोडा खालीच धरायचा. सेल एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबावं. प्लगची टोपी काढून, टोक हवेत ठेवून सेल मारण्याची जुनी सवय इथे नको. करंटला वाट मिळाली नाही की प्लगची कॉइल आणि इसीयू दोघांनाही धोका.

तिसरं मोजमाप इंजिन चालू असताना. चार-पाच हजार आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.५ हवेत. आयडलला आकडा थोडा कमी असतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. रेस वाढवूनही आकडा बॅटरीच्याच पातळीवर अडून राहिला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर चार्जिंग ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर (आरआर) गेला. बॅटरी उकळते, बल्ब उडतात आणि पुढचा नंबर इसीयूचा.

चार्जिंग होत नसेल तर आरआर युनिट लगेच विकत आणू नये. आधी त्याचा कपलर (वायरींचा जोड) उपटून पिना बघाव्या. एखादी पिन तपकिरी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं असतं. नंतर इंजिनमधल्या वीज बनवणाऱ्या कॉइल प्लेटकडून येणाऱ्या तीन वायरी, बहुधा पिवळ्या. इंजिन बंद असताना कपलर सुटा करून प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी यांत मीटरचा बजर (आतून जोड असला की वाजतो) लावायचा. वाजला तर कॉइल अर्थ झाली आहे. मग इंजिन चालू करून मीटर एसी २०० वर ठेवायचा आणि तीन जोड्या मोजायच्या. तिन्हींचे आकडे जवळपास सारखे आणि रेससोबत चढते हवेत. एक जोडी मागे पडली तर बिघाड कॉइलमध्येच आहे, आरआर बदलून पैसे वाया जातील.

मीटरचा सर्वांत मोठा उपयोग मात्र अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून फ्रेम-इंजिनपर्यंतच्या जोडणीच्या तपासणीत झाला. बटन दाबल्यावर नुसतं टकटक होतं, गाडीच्या डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात, मोटर फिरत नाही. बहुतेक ठिकाणी निदान एकच होतं: बॅटरी टाका. ते करण्याआधी एक चिमटा बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूच्या बोल्टला लावून सेल मारावा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. इथे अर्धा-एक व्होल्ट दिसला तर बॅटरी निर्दोष, मधली अर्थ वायर गंजली आहे. ती फ्रेमला जिथे बोल्टने बसते तिथे चिखल साचतो, वॉशरखाली हिरवट पूड धरते. बोल्ट काढून पॉलिश पेपरने दोन्ही तोंडं धातू चमकेपर्यंत घासायची, कसून बसवायची, वरून थोडं पेट्रोलियम जेली. तशीच तपासणी प्लसच्या टर्मिनलपासून सेल मोटरच्या बोल्टपर्यंत. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर रिले किंवा केबल बघावी. सायलेंट स्टार्टच्या (आवाज न करता लागणाऱ्या) गाड्यांत सेलची मोटर वेगळी नसते, चार्जिंगचा मॅग्नेटच ते काम करतो. तिथे टकटक ऐकू येईलच असं नाही आणि ही दुसरी तपासणीही लागू होत नाही.

गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, ही तक्रार बहुधा बाहेरून लावलेल्या सामानामुळे असते. जीपीएस, अलार्म, थेट बॅटरीवर जोडलेला मोबाईल चार्जर. चावी बंद करून मायनस सोडायचा, मीटर अँपियरवर ठेवून टर्मिनल आणि वायर यांच्या मध्ये जोडायचा. आधी १० अँपियर, आकडा छोटा असेल तर मिलिअँपियर. या जोडणीत चावी चालू करायची नाही आणि सेल तर अजिबात मारायचा नाही, तो करंट मीटरच्या क्षमतेच्या कितीतरी पट असतो. दोन-चार मिलिअँपियर चालतात. ५० मिलिअँपियर म्हणजे दिवसाला १.२ अँपियर-तास, पाच अँपियर-तासाची बॅटरी चार दिवसांत झोपली. चार्जर चावीनंतरच्या लाइनवर रिलेने घेतला की प्रश्न संपतो.

व्होल्टेज ठीक, सेल जोरात फिरतो, तरी इंजिन लागत नाही, तेव्हा मीटर बाजूला ठेवून कान लावायचा. चावी ऑन केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद घूं असा पंपाचा आवाज यायला हवा. आला नाही तर हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच, मग पंपाचा फ्यूज, मग रिले, मग टाकीखालचा कपलर. हा क्रम मोडू नये. आवाज येतो पण गाडी उन्हात तापल्यावरच लागत नाही, असं असेल तर आधी टाकीत पेट्रोल किती ते बघा. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरीच्या ४५ अंशांत रिझर्व्हवर गाडी ओढणं म्हणजे पंपाचं आयुष्य कमी करणं. मे महिन्यात पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नये.

पावसाळ्यात दुसरा त्रास पाण्याचा. पेट्रोलमधलं इथेनॉल थोडं पाणी पिऊन घेतं, पण मर्यादेपलीकडे पाणी झालं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि पंप तळातूनच ओढतो. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं स्थिर ठेवलं तर खालचा थर उघड दिसतो. दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करणं हाच उपाय, वर ताजं पेट्रोल भरून भागत नाही. टाकीच्या झाकणाखालची पाणी निचऱ्याची नळी मातीने बुजली की पाणी आत उतरतं. ती तारेने मोकळी करावी.

न्यूट्रलमध्ये गाडी लागते आणि गिअर टाकताच बंद पडते, हा तर काळ्या मातीचा खास आजार. साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल शिरतो, वाळला की दगड होतो आणि स्टँड वर असूनही गाडी तो खाली समजते. भरपूर पाण्याने भिजवून, काडीने माती काढून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. रॉकेल-डिझेल नको, रबर फुगतं. स्विचचे कपलर उघडून बजर लावला तर स्टँड वर-खाली करताना आवाज चालू-बंद व्हायला हवा. क्लचच्या स्विचलाही हीच तपासणी. गाडी आडवी पडल्यानंतर लागत नसेल तर बिघाड शोधत बसू नका, कलण्याच्या सेन्सरने इंजिन बंद केलं असतं. उभी करून चावी बंद, पाच-दहा सेकंदांनी पुन्हा चालू.

आता दिवे. लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे जपून चला. तेलाचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर त्याच जागी इंजिन बंद. पुढच्या गावापर्यंत नेऊ, हा विचार इंजिन खातो. गाडी सरळ उभी करून दोन-तीन मिनिटांनी तेलाची पातळी बघा. पातळी ठीक असूनही दिवा जात नसेल तर गाडी टेम्पोत घाला.

इंजिन चेकचा पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल तर तालुक्यापर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं. रेस कमी ठेवून सावलीत थांबावं, प्लगची टोपी आणि कॉइलचा कपलर बघावा. काही कंपन्यांच्या गाड्यांत चावी ऑन पण इंजिन बंद असतानाही हा दिवा लुकलुकतो, तो बिघाडाचा कोड असतो: लांब चमक दहाची, छोटी एकाची. आकडा लिहून घ्या आणि मॅन्युअलमध्ये बघा. स्कॅनर असेल तर पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरची लाइन, पी ०१२२ म्हणजे थ्रॉटल सेन्सरचा सिग्नल कमी. पी ०५६२ सोबत आणखी तीन-चार कोड आले तर आधी बॅटरी-चार्जिंग नीट करून कोड पुसा, बाकीचे पुष्कळदा परत येत नाहीत. स्वस्त स्कॅनर काही गाड्यांना जोडलेच जात नाहीत, म्हणून त्याला दुसरा नंबर दिला आहे.

१२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, तेव्हा तो दिवाही समजून घ्यावा. चावी ऑन केल्यावर लागणं बरोबर, गाडी थोडी पळाली की विझायला हवा. विझला नाही तर चाकाजवळचा सेन्सर आणि भोकांची रिंग धुऊन बघा, कपाशीच्या वावरातून निघालेल्या गाडीत तिथे मातीचा लेप असतो. ब्रेक साधे लागतातच, फक्त चाक जाम होऊ शकतं हे ध्यानात ठेवून चालवा. डबल स्टँडवर मागचं चाक फिरवून चेन साफ केली की हा दिवा लागू शकतो, तो बिघाड नव्हे. चावी बंद-चालू करून थोडं चालवलं की जातो.

बॅटरी बसलीच तर ट्रॅक्टर मदतीला येतो, त्याची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते. लावण्याआधी मीटरने मोजूनच घ्यावी. ट्रॅक्टर बंद, प्लसला प्लस, मायनस गाडीच्या इंजिनला. ट्रकला बहुधा २४ व्होल्ट असतात, तिकडे वायर नेऊ नका. फवारणीच्या बॅटरी पंपातही बहुधा १२ व्होल्ट, आठ किंवा बारा अँपियर-तासाची बॅटरी असते. ती समांतर जोडून पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, काढायची आणि मग सेल मारायचा. वायरी बारीक असतात, जोडलेल्या ठेवून सेल मारला तर तापतात. धक्का मारून गाडी लावायची तर दुसरा-तिसरा गिअर, पण पंपाचा घूं आवाज येत असेल तरच. बॅटरी पूर्ण मेली असेल तर इंजेक्शनची गाडी धक्क्याने लागत नाही, उगाच दम जातो.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपियरचा घालायचा: १० लाल, १५ निळा, २० पिवळा. पुन्हा उडाला तर सीटखालची वायरिंग उंदरांनी कुरतडली का ते बघा, गोठ्यात किंवा कापसाच्या खोलीत उभ्या गाडीत हे नेहमीचं आहे. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं खारं पाणी बॅटरीत गेलं की ती सुधारत नाही.

मीटरच्या उणिवाही आहेत. भर उन्हात पडदा दिसत नाही, सावली धरावी लागते. सोबत येणाऱ्या वायरी मुळाशी तुटतात, सिलिकॉनच्या वेगळ्या घ्याव्या. सर्वांत फसवा दोष म्हणजे आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की मीटर आकडे वाढवून सांगतो. उभ्या गाडीला १३.५ दाखवू लागला तर बॅटरी मस्त आहे असं समजू नका, मीटरचीच बॅटरी बदला. पावसाळ्यात झिपच्या जाड पिशवीत ठेवावा. घेताना एसी-डीसी, ओहम आणि बजर आहेत एवढं बघून घ्यावं, तापमान मोजायची सोय नसली तरी अडत नाही.