नाव सोप, पण सोपं काही नाही : रेसिडेन्सी हुकल्यावरचे चार दिवस, कोल्हापुरातून

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, 'मॅच नाही', म्हणजे अर्जदार आणि रुग्णालयं यांच्या पसंतीयाद्या जुळवूनही जागा लागली नाही, असं कळलं की अमेरिकेतल्या उरलेल्या रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) जागांसाठी 'सोप' (SOAP) ही सोय उघडते. चालवते एनआरएमपी, म्हणजे ही जुळवणी करणारी संस्था; अर्ज जातात ईरास या ऑनलाइन पोर्टलमधून.

पहिला घोळ घड्याळाचा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढं जातात, आपली जागच्या जागी. साडेदहा तासांचा फरक साडेनऊवर येतो. न्यूयॉर्कला सकाळचे १० म्हणजे इथं संध्याकाळचे साडेसात. जुना हिशेब धरणारा साडेआठला लॅपटॉप उघडतो, तोवर रिकाम्या जागांची यादी येऊन तास झालेला.

अर्ज जास्तीत जास्त ४५. पाठवलेला मागं घेतला तरी तो आकडा परत मिळत नाही. म्हणून आधी चाळणी: व्हिसा देतात का, पास होऊन किती वर्षं झालेली चालतात. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, पेडियाट्रिक्स यांची वेगवेगळी पर्सनल स्टेटमेंट सोमवारच्या आधीच ईरासमध्ये चढवून ठेवा. 'मला लहान मुलं आवडतात' हे वाक्य इंटर्नल मेडिसिनला गेलं की अर्ज तिथंच संपला! यादीत प्रिलिमिनरी सर्जरीच्या जागा भरपूर दिसतात. त्या एका वर्षाच्या असतात. पुढच्या मार्चला पुन्हा हाच आठवडा. सर्जरीच करायची नसेल तर त्यावर अर्ज खर्चू नयेत, असं आमचं मत.

जागा देणाऱ्या रुग्णालयांना आपणहून फोन-मेल करायचा नाही, पहिला संपर्क त्यांचा. ओळखीच्या सिनियरकडून शब्द टाकणंही नियमभंगच. इथला वशिला तिथं अंगाशी येतो.

मुलाखतीचे फोन इथल्या संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरही येऊ शकतात. सोमवार ते गुरुवार रात्रपाळी बदलून घ्या. अनोळखी नंबर अडवणारं ॲप बंद करा. वळीव आला की लाइट जाते, म्हणून इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हाताशी हवं.

गुरुवारी ऑफरच्या चार फेऱ्या, पहिली इथल्या साडेसहाला. उत्तराला दोन तास. नाकारलेली किंवा मुदत संपलेली ऑफर परत येत नाही, स्वीकारलेली बंधनकारक. शेवटची फेरी आपल्याकडं मध्यरात्रीनंतर, डोळा लागायची भीती तिथंच. घरातलं कुणीतरी जागं ठेवा.

५ पैकी ३. नियम स्वच्छ, वेळा पाळल्या जातात; पण परदेशातून अर्ज करणाऱ्याला विचार करायला उसंत मिळत नाही.

तरीही जागा नाही मिळाली, तर सप्टेंबरच्या नव्या अर्जापर्यंत सहा महिने हातात असतात. ईसीएफएमजी सर्टिफिकेट (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना तिथल्या रेसिडेन्सीसाठी लागणारं) असेल तर स्टेप ३, म्हणजे अमेरिकी डॉक्टरी परवान्याची शेवटची परीक्षा, देता येते, फक्त ती अमेरिकेतच होते. तिकिटाचा खर्च आधी धरा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला ही परीक्षा लागतेच. शिफारसपत्रं ताजी घ्या. आणि 'काय रं, लागलं का न्हाई?' हे विचारणाऱ्यांना उत्तर द्यायचं काम पहिला आठवडाभर घरातल्या एकाच माणसाकडं सोपवा.