कोटेशनमध्ये लो-ई, खिडकीत साधी काच

ऊर्जा वाचवणाऱ्या खिडक्यांत गिऱ्हाइकाला फसवणं सोपं जातं, कारण ज्याचे जादा पैसे घेतात ते डोळ्यांना दिसतच नाही. कोटेशनवर ‘डबल ग्लास, लो-ई, आरगॉन’ असतं, म्हणजे दोन काचा, त्यातल्या एकीवर उष्णता परतवणारा पातळ लो-ई थर आणि मधल्या फटीत आरगॉन वायू; शोरूममधला नमुनाही खरा असतो. घरी मात्र साध्या काचेच्या जोड्या येतात. यू-व्हॅल्यू म्हणजे काचेतून उष्णता किती आरपार जाते त्याचा आकडा, जितका कमी तितका चांगला. एकेरी काचेची यू-व्हॅल्यू साधारण 5.7, साध्या दुहेरी काचेची 2.8 च्या आसपास, आणि लो-ई थर व आरगॉन असेल तर 1.1 पर्यंत खाली येते. म्हणजे पैसे 1.1 चे आणि माल 2.8 चा.

थराची शहानिशा लायटरने होते. खिडकी बसवण्याआधी, खोलीत अंधार करून, काचेसमोर ज्योत धरा आणि जरा तिरकं बघा. दोन काचांचे चार पृष्ठभाग, म्हणून प्रतिबिंबंही चार. त्यातल्या एकाचा रंग लालसर किंवा जांभळट, निदान इतरांपेक्षा वेगळा हवा. चारही सारखीच दिसली तर माल तिथेच थांबवा. वेगळं प्रतिबिंब कितवं आहे तेही मोजा. बाहेरून मोजताना कडक उन्हाच्या भागात ते दुसरं असावं. काच उलटी बसली की ते तिसरं होतं. यू-व्हॅल्यू तीच राहते, पण ऊन जास्त आत येतं. कारागीर घाईत असला की हे सर्रास होतं.

आरगॉन ज्योतीने कळत नाही, त्याला वेगळं उपकरण लागतं. काच बनवणाऱ्याने लेखी दिलं नाही तर त्याचे वेगळे पैसे कशाला मोजायचे?

दुसरी चलाखी आकड्यात असते. 1.1 हा काचेच्या मध्यभागाचा आकडा. अख्ख्या खिडकीचा त्याहून वाईटच येतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये थर्मल ब्रेक, म्हणजे उष्णता अडवणारा मधला तुकडा, नसेल तर फारच. फ्रेमचा कापलेला तुकडा मागा: आतल्या-बाहेरच्या धातूंमध्ये पॉलिअमाइडची पट्टी दिसली पाहिजे.

कडेचं सील दोन थरांचं हवं, आत ब्युटाइल आणि बाहेर पॉलीसल्फाइड किंवा सिलिकॉन. ब्युटाइल वाचवून नुसतं सिलिकॉन भरलं की वाफ आत शिरते, दोन काचांमधल्या कडेच्या पट्टीतले ओलावा शोषणारे दाणे भरून जातात आणि काचांच्या मधोमध धुकं धरतं. ते पुसता येत नाही, अख्खं युनिट बदलावं लागतं. वॉरंटीत नुसतं ‘खिडकी’ लिहिलेलं असेल तर पुढे ती फ्रेमपुरतीच होती असं सांगतात. काचेच्या सीलचा उल्लेख आणि त्याची वर्षं वेगळी लिहून घ्या.